गोगलगाय आली नाही

अन्वेषा न्यासाच्या निवड-प्रयोगशाळेत डॉ. वसुधा हुद्दार यांच्यापुढचा चहा कधीच गार झाला होता आणि पडद्यावरची यादी काही केल्या संपत नव्हती. पदव्युत्तर संशोधन शिष्यवृत्तीसाठी यंदा चार हजारांवर अर्ज आले होते. प्रत्येक अर्जदाराला लहानपणापासून विज्ञानाची ओढ होती आणि प्रत्येकाला समाजासाठी काहीतरी करून दाखवायचे होते. वर्षानुवर्षे हेच वाचून वसुधाबाईंना आता ‘ओढ’ या शब्दाचीच शिसारी आली होती.

समोर डॉ. दिगंबर कुलथे बसले होते. दोघे एकाच वर्गातले. वसुधाबाई न्यासात आल्या, कुलथे साताऱ्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले. आज ते भांडायला म्हणून आले होते, पण जिना चढता चढताच त्यांचा निम्मा राग उतरला असावा.

“उर्मी बनसोडेचा अर्ज पुन्हा बाद,” ते म्हणाले. “चौथ्यांदा, वसुधा. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. ही शेवटची संधी होती पोरीची.”

“मी बाद करत नाही रे. पूर्वदर्शक करतो.”

“हा तुझा पूर्वदर्शक नक्की करतो तरी काय? एकदा सरळ मराठीत सांग. माहितीपत्रक वाचून माझ्या नाकी नऊ आले.”

वसुधाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. हे त्यांनी इतक्यांदा सांगितले होते की शब्द आपोआप यायचे.

“अर्जातून आम्ही उमेदवाराचं प्रतिरूप तयार करतो. निबंध, उत्तरपत्रिका, मुलाखतीचं चित्रण, शिफारसपत्रं, सगळं घालायचं. त्यातून यंत्रात एक माणूस उभा राहतो, जो त्या उमेदवारासारखाच विचार करतो. अर्ज जितका भरीव, तितकं प्रतिरूप हुबेहूब. मग त्याला प्रतिविश्वात सोडायचं, तिथे त्याला शिष्यवृत्ती मिळालेली असते. तीन वर्षांचं काम एका रात्रीत पळवून बघतो. शेवटापर्यंत गेला तर निवड.”

“आणि ते प्रतिविश्व कशातून बनवता?”

“आजवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून. जगाला जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं त्यात आहे.”

“आणि उर्मी?”

“ती मध्येच काम सोडते, दिगंबर. दर वेळी.”

कुलथे खिडकीबाहेर बघत राहिले. उर्मी त्यांची विद्यार्थिनी, तिचा विषय दगडफूल. मसाल्यात घालतात तेच. पठारावरच्या कातळांवर ते इतके सावकाश वाढते की वर्षभर बसून पाहिले तरी नखाएवढा फरक दिसायचा नाही. असल्या विषयाला चिकाटीचाच माणूस हवा, आणि यंत्र म्हणत होते की उर्मीत तीच नाही. पहिल्या नकारानंतर कुलथ्यांनी तिला चार गोष्टी सुनावल्या होत्या. मग अर्ज भक्कम करायचा म्हणून दर वर्षी त्यात भर घालत गेले. तिने काढलेली कातळांची मापे घातली, फसलेले प्रयोगही लपवू नकोस म्हणाले. तीन वेळा पुनर्लेखन, तीन वेळा पालथ्या घड्यावर पाणी. आता ती एका मसाल्याच्या कारखान्यात माल तपासायला लागली होती, आणि यंदाचा अर्ज तर सरांच्या आग्रहाखातरच भरला होता. आपण एका चांगल्या मुलीला उगाच आशेला लावले, असे कुलथ्यांना मनापासून वाटत होते आणि त्याचा त्यांना त्रास होत होता.

“कधी सोडते, तेवढं तरी दाखव,” ते म्हणाले.

वसुधाबाईंनी चारही निकाल शेजारी शेजारी लावले. पहिल्या अर्जातली उर्मी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली होती. दुसऱ्या अर्जातली दुसऱ्या वर्षात थांबली. तिसरीने वर्ष कसेबसे काढले. यंदाची तर पाचव्या महिन्यातच उठून गेली होती.

“हे उलटं आहे,” कुलथे म्हणाले. “अर्ज दर वर्षी सुधारत गेला.”

वसुधाबाई सरळ बसल्या. अर्ज सुधारला म्हणजे प्रतिरूप अधिक खरे झाले. मुलगी जितकी खरी, तितकी ती लवकर थांबत होती.

“हिला विचारता येतं का, का थांबलीस म्हणून?”

“येतं. सोय आहे तशी.”

“मग आजवर कुणी विचारलं नाही?”

“आपल्याकडे गुण बघतात रे. उत्तरपत्रिका कोण उघडतो?” बोलता बोलताच त्या ओशाळल्या, कारण ही सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

पडद्यावर पठार उमटले. एका कातळापाशी यंदाच्या अर्जातली उर्मी मांडी घालून बसली होती. शेजारी भिंग तसेच पडले होते.

“सर? तुम्ही इथे कसे काय?” ती उठायला लागली.

“बस, बस. काम का थांबवलंस ग?”

“थकले सर.” मग ती म्हणाली, “कामानं नाही. मागच्या वर्षी आठवतं, गोगलगायीनं आपला नमुना खाल्ला होता? त्याच्या मागच्या वर्षीही. तुम्हीच म्हणालात, हेही अर्जात लिही, लाजू नकोस. म्हणून मी यंदा वाटच बघत होते. अख्खा पावसाळा गेला, एकही गोगलगाय आली नाही.”

“नसेल आली एखाद्या वर्षी.”

“मलाही तसंच वाटलं. मग मापं पुन्हा तपासली. सर, इथलं दगडफूल पुस्तकात दिलंय तसंच वाढतं. कमी-जास्त वाढतं तेसुद्धा पुस्तकात दिलंय तेवढंच. माझं एकही माप मला चकवत नाही. असा कातळ असतो का कुठे?” तिने दगडावर हात ठेवला. “हा खरा नाही. मग मीही नसणार. खोट्या दगडाची मापं घेऊन तीन वर्षं कुणाला फसवायचं? म्हणून सोडलं.”

वसुधाबाई हलकेच म्हणाल्या, “त्या पठारावरच्या गोगलगायींवर कुणी काही प्रसिद्ध केलेलंच नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

त्यांना एकदम फार थकल्यासारखे झाले. इतकी वर्षे आपण चिकाटी निवडतो आहोत अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात, ज्यांना तीन वर्षांत काहीच खटकले नाही ते न्यासाने निवडले होते. ज्यांचे डोळे उघडे होते ते मध्येच उठून गेले, आणि त्यांना ‘सातत्याचा अभाव’ असा शेरा मिळाला. त्या शेऱ्याखाली सही वसुधाबाईंची होती.

त्यांनी यंत्राचा निकाल रद्द केला आणि स्वतःच्या अधिकारात मंजुरी नोंदवली. कारणाच्या रकान्यात ‘गोगलगाय’ लिहिले, मग खोडून ‘निरीक्षणशक्ती’ असे घातले. समितीपुढे जायचे होते शेवटी.

कुलथ्यांनी फोन लावला. पलीकडे कांडपयंत्राची घरघर चालू होती.

“उर्मी, मिळाली.”

“काय मिळालं सर?”

“शिष्यवृत्ती.”

घरघर कमी झाली. ती बाहेर आली असावी. “सर, थट्टा नका करू. माझ्यात आता त्राण नाही राहिलं. यंत्र म्हणतं ना, मी टिकत नाही?”

“यंत्रात टिकत नाहीस. तिथे टिकण्यासारखं काही नव्हतंच, पोरी. मी तुला उगाच बोललो.” ते म्हणाले. “आल्यावर सांगतो सगळं.”

पलीकडून उर्मीने नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “आईला सांगते.”

पडद्यावरची उर्मी हे सगळे ऐकत होती. तिला बंद करायचे राहून गेले होते, ते वसुधाबाईंच्या आता ध्यानात आले. नियमाप्रमाणे निर्णय झाला की प्रतिरूप मिटवायचे असते. बोट बटणावर ठेवूनही ते दाबायचा त्यांना धीर होईना.

“माझ्याआधी किती जणी झाल्या, मॅडम?” पडद्यावरून प्रश्न आला.

“तिघी.”

“त्यांनाही कळलं होतं?”

“कळलं असणार. उशिरा, पण त्याही उठून गेल्या.”

तिने मान हलवली. भिंग उचलून पुसले आणि जपून पेटीत ठेवले.

“आणि आता मिळाली ती मला, की बाहेर आहे तिला?”

वसुधाबाईंनी कुलथ्यांकडे पाहिले. ते रुमालात तोंड लपवून बसले होते.

“तिला,” त्या म्हणाल्या.

“मग या वेळी अर्ज चांगला झाला होता म्हणायचा,” उर्मी म्हणाली.