ती बैठो म्हणाली

ही ऐकीव गोष्ट नाही. अर्पितासोबत घडलेली आहे आणि तिनं सांगितली तशीच लिहितोय.

रात्रीचीही नाही. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, बुधवार, दुपारचे सव्वादोन. गाव पूर्णा. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरचं घर.

अर्पिता परभणीला शाळेत शिकवते. माहेर सिंधी. फाळणीनंतर तिचे आजोबा शिकारपूरहून, म्हणजे आताच्या पाकिस्तानातून, अंगावरच्या कपड्यांनिशी आले. पूर्णेतलं एक मुसलमान कुटुंब त्याच सुमारास तिकडे निघून गेलं होतं. त्यांचं रिकामं घर सरकारनं आजोबांना दिलं.

त्या घरात आधी कोण राहायचं, हे अर्पितानं कधी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिचे वडील वारले आणि घराला कुलूप लागलं. वारसनोंदीसाठी घर मिळाल्याचा जुना कागद हवा होता. पूर्णेतच तिचा चाचा बन्सीधर याचं कापडाचं दुकान. तो दर वेळी फोनवर एकच सांगायचा.

"कागद सापडंना गं. तू हक्क सोडल्याचं लिहून दे, म्हंजी मी बघतो पुढचं."

तिला संशय आला. कुणाला न कळवता ती दुपारच्या गाडीनं पूर्णेला आली.

किल्ली शेजारच्या चतुराबाईंकडे असायची. त्यांनी किल्ली दिली, पण हात मागं घेतला नाही.

"आत भाडेकरू ठिवला का तुज्या चाचानं?"

"नाही. का?"

"मग सकाळधरनं झाडू कोण मारायलंय?"

अर्पिताचं डोकंच फिरलं. म्हणजे चाचानं घर परस्पर देऊन टाकलं होतं तर!

ती तरातरा गेली. दाराला कान लावला.

सर्र... सर्र... सर्र...

खरंच कुणीतरी झाडत होतं.

पण कुलूप तर बाहेरून होतं.

तिनं ते काढलं. दार ढकललं.

आवाज थांबला.

फरशीवर बोटभर धूळ होती. कुठं झाडूचा फराटा नाही. पावलाचा ठसा नाही. तिन्ही खोल्या तिनं फिरून पाहिल्या. मागचं दार आतून बंद, खिडक्या बंद.

बाजूच्या घरात झाडत असतील, असं तिनं मनाला सांगितलं. ती बाहेरच्या खोलीत आली. पलंगाखालची पेटी ओढली आणि एकेक कागद काढायला लागली.

दहा मिनिटं गेली असतील.

मागच्या खोलीतून आवाज आला...

"कौन आए बा? किसके घर के हैं?"

बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज. अगदी साधा. पाहुणं आलं की पोरी विचारतात तसा.

भाडेकरूचीच पोर, कुठंतरी दडून बसली असणार. अर्पिता चिडून म्हणाली, "इसी घर की हूँ मैं!"

ती पुन्हा कागद चाळायला लागली.

मग...

"अच्छा. तो बैठो ना. अम्मी नमाज पढ रई."

कुणी बस म्हटलं की माणूस बसतं. अर्पिता पलंगाच्या कडेला टेकली.

आणि टेकल्यावर तिला आठवलं. मागची खोली ती आत्ताच पाहून आली होती. तिथं दडायला साधं कपाटसुद्धा नव्हतं.

ती उठणार, तेवढ्यात...

पलंग करकरला.

ती हलली नव्हती.

शेजारची गादी हळूच खाली दबली. हलक्या अंगाचं कुणीतरी बसल्यासारखी.

चपला तिथंच टाकून, दार सताड उघडं ठेवून ती धावत सुटली, ती थेट चाचाच्या दुकानात.

"कुणाला ठेवलंय तुम्ही घरात? मला घाबरवून सही घ्यायचीय का?"

चाचा गिऱ्हाइकापुढं कापड उलगडत होता. त्यानं गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून लावून दिलं. मग हळूच विचारलं, "पोरगी बोलली?"



"तुम्हाला माहीतंय?"

"तुज्या बापालाबी म्हाईत होतं. आमी लहान असताना तिनं लय डाव विचारलंय, किसके घर के म्हणून. बाबांनी, म्हंजी तुज्या आजोबांनी शिकवलेलं, एकच सांगायचं. आमी शिकारपूरचे, मुक्कामाला आलाव. तेवढं सांगितलं की ती गप व्हायची. तू जन्मायच्या आधीच तिचं विचारणं थांबलं होतं."

"मुक्कामाला? सत्तर वर्षं?"

"बाबा म्हणायचे, घर तिचं हाय. आपण खोटं बोलायचं न्हाई." चाचानं तिच्याकडे पाहिलं. "तू काय सांगितलंस?"

"याच घरची आहे म्हणाले."

चाचानं हातातल्या कापडाची घडी घालून बाजूला ठेवली.

"मग ती काय म्हणाली?"

"बैठो म्हणाली."

"आमाला कधीच बस म्हणाली न्हाई ती." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "आन् तू... बसलीस?"

"बसले."

"मग आता तू तिच्याच घरची झालीस," म्हणत चाचा उठला. गल्ल्यामागच्या कप्प्यातून एक पिवळा पडलेला कागद काढून त्यानं तिच्यापुढं ठेवला. तोच, घर मिळाल्याचा. इतके दिवस इथंच होता. मागच्या बाजूला आजोबांनी सिंधी लिपीत लिहिलेल्या चार ओळी होत्या.

"काय लिहिलंय यात?"

"मला कुठं वाचता येतंय ती लिपी," चाचा म्हणाला. पण हे सांगताना त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात वारसनोंद झाली. चाचा स्वतः कचेरीत आला, स्वतःचा हिस्सा सोडला आणि घर एकट्या अर्पिताच्या नावावर करून दिलं. ज्या घरासाठी तो तीन महिने तिच्या मागं लागला होता, ते त्यानं हूं की चूं न करता सोडलं.

चार ओळी तिनं अजून कुणाकडून वाचून घेतलेल्या नाहीत. वाचणारे सापडतील, पण तिचा धीर होत नाही.

घर आता तिचं आहे.

आणि चाचानं ते इतक्या घाईनं का दिलं, हेच तिला झोपू देत नाही.