गोकर्णीची सुतळी

उद्यानोपचाराच्या, म्हणजे बागकामातून पेशंट सुधारण्याच्या, एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा काचघरात होती. बहिःस्थ परीक्षक डॉ. इनामदार यांचा नाश्ता झाला होता, म्हणजे परीक्षा वेळेवर सुरू झाली असे म्हणायला हरकत नव्हती.

पूर्वी जर्नल आणि कुंडी एवढेच पाहत. कुंडी फुलली की पेशंट सुधारला असे धरत. मग एका विद्यार्थ्याला शंभरात सत्त्याण्णव पडले, आणि नंतर कळले की त्याचा पेशंट दोन महिन्यांपूर्वीच घरी गेला होता. तेव्हा संस्थेने स्पर्शवाचक आणला.

"कोवळ्या देठाला झटका बसला की त्या दिवशीच्या वाढीत जाड पेशींची रेघ उमटते," विभागप्रमुख डॉ. रणदिवे म्हणाल्या. "यंत्र देठातून प्रकाश सोडून ती वाचतं. दिवस, वेळ, किती झटके, सगळं."

"वाऱ्यानंही झाड हलतंच की, मॅडम."

"वारा वेळापत्रक पाळत नाही, सर. आणि झाड खोटं बोलत नाही. त्याला ते शिकवणं आमच्या अभ्यासक्रमात अजून आलेलं नाही."

तिसरा नंबर अनघा खोपकरचा. तिचे पेशंट वासुदेव गुरव, एस.टी.चे शेवटचे कंडक्टर. एकतीस वर्षे त्यांनी छपरालगतची घंटीची दोरी ओढून गाडी हाकली. एक घंटी थांबायला, दोन निघायला. पुढे चालकाविना धावणाऱ्या गाड्या आल्या आणि दोरी गेली. मग पक्षाघात झाला, एक हात गेला आणि वाचाही गेली.

अनघा रोज तीन ते चार त्यांच्या खिडकीशी बसे. चौकटीपासून कुंडीपर्यंत सुतळी बांधून तिने त्यांच्या चालत्या हाताशी गोकर्णीचा वेल चढवला होता. बोलायची तीच. काका बागेकडे बघत. जर्नलच्या साठही पानांवर शेवटची ओळ एकच : प्रतिसाद नाही. मैत्रिणी म्हणाल्या, दोन-चार ठिकाणी स्मित तरी लिही गं. तिने लिहिले नाही. आता वेलही कोरा निघाला, तर काकांची खुर्ची खिडकीतून उचलून आतल्या वॉर्डात जाणार होती. तिथे बाग नव्हती, ट्यूबलाइट होती.

खिडकीतून सुतळीसकट काचघरात आणलेल्या वेलावर इनामदारांनी यंत्र सरकवले. "तीन ते चार, कोरं." अनघाने मान खाली घातली. "चार वाजून एक मिनिट. एक झटका." ते पुढे सरकले. "दुसरा दिवस, चार वाजून दोन मिनिटं. एक झटका. तिसरा दिवसही तसाच. चार वाजता तुम्ही काय करायचात?"

निघायचे, ती म्हणाली. येते काका म्हणायचे आणि पाठ वळवून बेसिनवर खुरपी धुवायचे.

"रोज तुम्ही पाठ फिरवली की सुतळीला एक झटका. याचा अर्थ काय?"

अनघाने सुतळीवर बोट ठेवले. "मला थांबवत होते, सर."

रणदिवेबाईंनी उगाचच चष्मा पुसला. इनामदार लहानपणापासून मोटारीतून फिरलेले, घंटीच्या गाडीत ते कधी बसलेले नव्हते. "शेवटच्या दिवशी मात्र दोन झटके आहेत. यंत्राची चूक असेल."

"चूक नाही." काल तिने काकांना सांगितले होते, कोर्स संपला, नागपूरला नोकरी लागली, उद्या सव्वाचारची गाडी आहे.

खुर्ची खिडकीत राहिली. अनघा पास झाली. गुणपत्रिकेत 'पेशंटकडे लक्ष' या रकान्यात तिला दहापैकी चार पडले, आणि ते तिला योग्य वाटले.

चारला पाच मिनिटे असताना ती बॅग आणि कुंडी घेऊन निरोपाला आली आणि सुतळी पुन्हा चौकटीला बांधली. काकांनी तिच्याकडे पाहिले, मग बागेकडे. चार वाजले. तिने सुतळी धरली आणि एकदा ओढली. मग स्टूल सरकवून त्यांच्या शेजारी बसली.

सव्वाचारला नागपूरची गाडी आपली आपण सुटली. तिला थांबवायला दोरी नव्हती.