ऐंशीला काढत जा

व्हॅन चार्जरला लावली तेव्हा बॅटरीत बारा टक्के उरले होते आणि शाळेत पोचायला जेमतेम तास. व्हॅन कान तपासणीची होती. मागच्या बाजूला आवाजबंद खोली, तिच्यात एक खुर्ची, एक हेडफोन आणि एक बटण. ती चालवणारी बाई शाळाशाळांतून, कारखान्यांतून माणसांचे कान तपासत फिरायची, म्हणून पोरं तिला कानवाली म्हणत. तिलाही ते नाव आवडे.

पहिली पंचवीस मिनिटं आकडे भराभर पळाले. ऐंशीला मात्र माशी शिंकली. यंत्रातल्या पंख्याचा सूर खाली उतरला, तो तिच्या कानांनी पडद्याच्या आधी टिपला. उरलेल्या वीस टक्क्यांना अजून चाळीस मिनिटं लागतील, असं पडदा थंडपणे सांगत होता.

"दमलं वाटतं यंत्र," ती स्वतःशीच पुटपुटली.

"यंत्र ठणठणीत आहे. गाडीच कमी मागतेय."

आवाज चार्जरच्या मागून आला, आणि पाठोपाठ माणूस. कानावर स्क्रूड्रायव्हर, गालावर काळा ओघळ. तो तिथला फिटर होता.

"गाडी कशाला कमी मागेल? उशीर मला झालाय."

"तिला नाही ना झाला." त्याने फडक्याला हात पुसले. "सभागृह भरताना बघितलंय? पहिले येतात ते कुठेही बसतात. शेवटच्यांना मात्र रांगेत शिरावं लागतं, जरा सरका म्हणावं लागतं. बॅटरीत तेच चालतं. वीज भरते म्हणजे आतले बारीक कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला जागा धरतात. शेवटी जागा कमी उरते. तेव्हा मागून रेटा दिला, तर ते दारातच एकावर एक साचतात... आणि बॅटरी कायमची अधू होते. म्हणून गाडी आपणहून सांगते, हळू."

"शहाणी आहे म्हणायची."

"तुमच्यापेक्षा थोडी," तो बोलून गेला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे... घाईच्या बाबतीत."

ती हसली नाही. पण शाळेत पहिल्याच मुलाच्या डोक्यावर हेडफोन चढवताना तिला हसू फुटलं, आणि ते मूल बिचारं उगाच आपले केस चाचपू लागलं.

त्यानंतर दर गुरुवारी तिच्या वाटेत ते चार्जिंग स्टेशन येऊ लागलं. नकाशाप्रमाणे ते येत नव्हतं, पण नकाशाला काय कळतं? बरं, ऐंशी टक्क्यांत तिचा दिवस आरामात निघाला असता. तरी ती शंभरपर्यंत थांबायची. ती शेवटची चाळीस मिनिटंच तर तिला हवी होती.

केबलचं रिकामं रीळ आडवं टाकून दोघं बसत. तो दोन कप चहा आणायचा. पहिले काही गुरुवार त्याच्या तोंडाला खळ नव्हता. वडील शिंपी आहेत, कुत्र्यांची भीती वाटते, लहानपणी ड्रम शिकायचे होते पण आईने काठ्याच लपवून ठेवल्या. सगळं भडाभडा सांगून झालं. तिनेही सांगितलं. घरी भाऊ आणि वहिनी आहेत, वहिनीची जीभ तिखट आहे. आणि व्हॅनच्या बॅटरीची दर सहा महिन्यांनी तपासणी होते. बॅटरी झिजलेली निघाली, तर व्हॅन दुसऱ्या गावी जवळच्या फेऱ्यांना पाठवतील.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं.

"गाडी जिथं, तिथं मी."

तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलं. वाक्यं अर्धी राहू लागली. "तुम्ही..." एवढं म्हणायचा, कपात बघायचा, आणि मग म्हणायचा, "...अजून चहा घेणार?"

"काय म्हणतो तुझा फिटर?" वहिनी विचारायची.

"काही म्हणत नाही."

"मग जातेस कशाला?"

"चार्जिंगला."

"कोणाच्या?" वहिनी शांतपणे विचारी आणि भाजी चिरत राही.

नवव्या गुरुवारी पंख्याचा सूर उतरला आणि ती नेहमीसारखी रिळावर बसली. तो मात्र बसला नाही.

"एक सांगू?"

तिच्या हातातला कप जागीच थांबला. नऊ गुरुवार ती याचीच वाट बघत होती. "सांगा ना."

"ऐंशीला काढत जा... गाडी. शंभरपर्यंत बसत जाऊ नका."

तिने भरलेला कप तसाच खाली ठेवला. ऊठ इथून, असं याहून सभ्य शब्दांत कोणी सांगितलं नसतं. "बरं," ती म्हणाली. केबल तिनेच ओढून काढली. तो मागून "तसं नाही हो" म्हणत होता, पण जगातले बारीकातले बारीक आवाज टिपणाऱ्या बाईला नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

तीन आठवडे ती तिकडे फिरकली नाही. कार्यालयातल्या साध्या सॉकेटवर गाडी भरायची आणि घरी येऊन वहिनीवर चिडायची. "अगं, आधी नीट विचारून तरी घ्यायचंस," वहिनी म्हणाली. विचारायला तोंड कुठं होतं? आपणच फुकट मनात मांडे खात बसलो, असं तिला वाटत होतं, आणि ते फार लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात कामाची यादी आली. चार्जिंग स्टेशनांवरच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक कानतपासणी. सातवा तो होता.

तो आत आला, खुर्चीत बसला. केस पाण्याने बसवले होते. ती खोलीच्या काचेच्या अलीकडे बसून माइकमध्ये सगळ्यांना सांगायची तेच बोलली. "आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक असला तरी."

त्याने एकही आवाज सोडला नाही. प्रत्येक वेळी तिच्यासमोरचा छोटा दिवा लागत गेला. शेवटचा सूर संपला तसा तो आतल्या माइकजवळ वाकला. "बॅटरीचा अहवाल आला का हो?"

"आज सकाळीच आला. चांगली आहे. गाडी इथेच राहणार."

त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की तिच्या कानात वारा सुटला. "सुटलो," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला सुटलात?"

"दर गुरुवारी शंभर टक्के भरून तुम्ही दिवसभर गाडी उन्हात उभी करता. असं सारखं केलं की बॅटरी झिजते. ती झिजली की गाडी जाणार. आणि गाडीमागे..." तो थांबला. "म्हणून म्हटलं, ऐंशीला काढत जा."

तिने डोळे मिटून घेतले. तीन आठवडे छातीवर बसलेला धोंडा असा सहज उतरला की तिला रडू येईल असं वाटलं. ज्याच्यापाशी बसायला मिळावं म्हणून ती शंभरपर्यंत थांबत होती, त्याच्यापासून लांब जायची तजवीज ती स्वतःच करत होती.

"आणि मी शंभरपर्यंत का बसायचे, ते कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग?"

"आधीचं भराभर बोलून झालं. शेवटचंच राहिलं होतं... वाटलं, रेटलं आणि कायमचं बिघडलं तर?"

तिने आवाजाची कळ अगदी खालपर्यंत फिरवली.

"एक तपासणी राहिलीय. आवाज आला की बटण दाबा."

त्याने हेडफोन नीट बसवला. तिने माइकपासून तोंड थोडं लांब नेलं. स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल, अशा आवाजात ती म्हणाली, "मला तू आवडतोस."

दिवा लागला.

लागला तो विझेचना. काचेपलीकडे त्याचा अंगठा बटणावर घट्ट दाबलेला होता.

"दाबून सोडायचं असतं ते," ती म्हणाली.

"तू सांगितलंस तर सोडतो." पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला.

बाहेरून दारावर टकटक झाली. आठव्या नंबरचा माणूस वैतागला होता. "मॅडम, अजून किती वेळ?"

तिने त्या दिव्याकडे बघितलं. "शेवटचंच राहिलंय," ती दाराकडे वळून म्हणाली. "त्याला जरा वेळ लागतो."