पाचवा प्रश्न

संख्याशास्त्राच्या बाईंना टक्केवारी काढताना कोणी मध्येच बोललेलं खपत नसे. म्हणून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात त्या दुपारचं जेवण उरकून स्टाफरूमच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसत, आणि बाकीचे आपणहून लांब बसत.

हिशेब सरळ होता. गृहपाठाचे वीस, सहामाहीचे तीस, अंतिम परीक्षेचे पन्नास. अडतीस मुलांच्या क्रमांकांपुढे बाईंनी बेरजा मांडल्या आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, पास व्हायला अंतिमला प्रत्येकाला किती लागतील. बहुतेकांना दहा-बारा पुरणार होते. मुंगीला एकवीस हवे होते.

मुंगी हे नाव वर्गानेच ठेवलेलं. तिचं अक्षर इतकं बारीक की पानावर मुंग्यांची रांग चालल्यासारखी वाटे. पोरगी कष्टाळू, पण परीक्षेत हातपाय गाळायची. एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिची नोकरी ठरली होती, पण पास झाली तरच. बाईंनी एकवीसभोवती दोनदा गोल काढला.

मग त्यांनी सहामाहीचा गठ्ठा मोजला. एकोणचाळीस उत्तरपत्रिका भरल्या. पुन्हा मोजला. एकोणचाळीसच.

जास्तीची पत्रिका सगळ्यांत खाली होती. वर मुंगीचा क्रमांक, आणि परीक्षेच्या रकान्यात तिच्याच अक्षरात 'अंतिम'.

"काय हा चावटपणा," बाई पुटपुटल्या आणि पान उलटलं.

पहिलं उत्तर थांब्यावर उशिरा येणाऱ्या बसचं होतं. बारा दिवसांचे उशीर, त्यांची सरासरी, त्यांचं विचलन. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हा प्रश्न सकाळी थांब्यावर उभ्या असताना त्यांच्या डोक्यात आला होता. अजून कागदावर उतरला नव्हता. बारा आकडेही त्यांनी मनातच ठरवलेले, तेच.

चार उत्तरं पूर्ण होती. पाचवं मात्र एका शब्दाच्या मध्येच तुटलं होतं, आणि तिथून पेनाची रेघ ओढत ओढत थेट कडेपर्यंत गेली होती. बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. बोटाला निळी शाई लागली.

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या सरांना पत्रिका दाखवली. ते त्यांच्याच विषयाचे, दोन वर्षांपूर्वी लागलेले.

"सरावाला सोडवला असेल एखादा पेपर," ते म्हणाले. "बसचं उदाहरण काय, कुठल्याही पुस्तकात सापडेल."

"आणि आकडे?"

"मॅडम, तुम्ही दमलाय." ते हसले, पण पत्रिका त्यांनी हातात घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळा पेपर नव्याने काढला. बस नाही, पगार नाही, उंची नाही. मुद्दाम घरातल्या वाटाण्याच्या शेंगा सोलून दाणे मोजले आणि त्यांचा प्रश्न केला. कोणाला सांगितलं नाही. मग कॉलेजात येऊन, ती पत्रिका ठेवली होती त्या खणाचं कुलूप काढलं.

पहिल्याच ओळीत वाटाणे होते. मुंग्यांच्या रांगेत, नीट, एकेक शेंग. आणि पाचवं उत्तर पुन्हा अर्ध्यावर तुटलेलं. तीच रेघ, तशीच कडेपर्यंत.

आता बाईंना पेपरफुटीची धास्ती उरली नाही. दुसरीच बसली. तास संपल्यावर त्यांनी मुंगीला दारात थांबवलं.

"तब्येत बरी आहे ना गं?"

"हो, मॅडम."

"चक्कर वगैरे? फिट येते का कधी?"

"नाही." मुंगीचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलंय का? किती लागतील मला?"

"एकवीस."

"एवढे?"

"पडतील. पेपरच्या दिवशी पोटभर खाऊन ये. आणि काही वाटलं तर हात वर कर, लाजू नकोस."

मुंगी मान डोलावून गेली. दोनदा मागे वळून बघत.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा बाईंनी शेवटचा उपाय केला. पाचवा प्रश्नच काढून टाकला. उरलेल्या चारांना गुण वाटले, बारा, बारा, तेरा, तेरा. पेपर छपाईला दिला आणि खण उघडला. पत्रिकेत चार उत्तरं होती, चौथ्याखाली पट्टीने मारलेली रेघ. पुढची पानं कोरी. त्या रात्री बाईंना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

परीक्षा दहाला सुरू झाली. पर्यवेक्षण बाईंनी मागून घेतलं होतं. ती पत्रिका त्यांच्या फाइलमध्येच होती. पंख्याची घरघर, पानं उलटल्याचा आवाज, कोणाचं तरी खोकणं. बाई बाकांमधून फिरत आणि दर फेरीला मुंगीपाशी रेंगाळत. ती लिहीत होती. हात थरथरत नव्हता.

सव्वाबाराला मुंगीने चौथ्या उत्तराखाली पट्टीने रेघ मारली आणि पेपर घेऊन टेबलापाशी आली.

"झाला, मॅडम. सगळा आला."

"अजून वेळ आहे. तपासलास?"

"दोनदा."

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. पोरगी धडधाकट समोर उभी होती. त्यांनी फाइल उघडली आणि दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. शब्द न् शब्द सारखा. खाडाखोडसुद्धा त्याच जागी.

फरक फक्त पहिल्या पानावर होता. फाइलमधल्या पत्रिकेवरची गुणांची चौकट सकाळपर्यंत कोरी होती. आता तिच्यात लाल शाईने तेहतीस लिहिलं होतं.

तीन हा आकडा बाई असा काढत नसत.

त्यांनी खाली पाहिलं. परीक्षकाची सही धाकट्या सरांची होती. तारीख येत्या सोमवारची. आणि सहीखाली कंसात, नीटनेटक्या अक्षरात, 'मूळ परीक्षकांच्या जागी.'

बाईंनी अंगठा फिरवला. लाल शाई ओली होती.

मुंगी अजून टेबलापाशीच उभी होती. पेपरकडे नाही, बाईंच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे बघत.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बसता का?"