चूलबंद आवतण

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या, शिवानीच्या घरात घडलेली.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला त्यानं फरक पडत नाही. फक्त एक ऐका. वाचून झालं की खाली तुमचं नाव, गाव लिहू नका. एरवी गप्प वाचता ना, तसंच आजही गप्प वाचा. का, ते कळेलच.

तारीख ३० डिसेंबर २०२४. सोमवार. वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस. ठिकाण बीड जिल्ह्यातलं घाटनांदूर, गावापासून दोन किलोमीटरवरचं शेत. आणि रात्र वगैरे काही नाही. भर दुपारचा एक वाजला होता.

शिवानी लग्न होऊन घाटनांदूरला आली त्याला आठ वर्षं झाली होती. नवरा वीरेश, त्याचं बसस्टँडजवळ किराणा दुकान. सासू बसम्मा. मुलगी रुद्राणी, तेव्हा सहा वर्षांची. चार माणसांचं घर.

दुपारी भांडी-धुणी उरकलं की शिवानी मोबाइल घेऊन बसायची आणि ब्लॉग लिहायची. येसर कसा भाजायचा, शेंगोळे कसे वळायचे, धपाट्याचं पीठ किती सैल हवं. लिहायची झकास. वाचणारे रोज तीन-चारशे. बोलणारं मात्र कोणी नाही. महिनाभरात एखादी ओळ आली तर आली.

तिला ते लागायचं. मग ती सासूला सांगायची.

"वाचत्यात अन् बोलत न्हाईत?" बसम्मा हसायची. "हे तर जेवून, हात धुऊन, गुपचूप निघून गेल्यावानी झालं की गं."

बसम्माला स्वतःला अक्षरओळख नव्हती. सून काय लिहिते ते ती सुनेकडूनच ऐकायची आणि मीठ कमी पडलं म्हणायची. दोघींचं जमायचं चांगलं.

आणखी एक गोष्ट होती.

शिवानीनं लेख टाकला की पहिल्याच मिनिटात वाचकांचा आकडा पाचवर जायचा. पहाटे टाका, दुपारी टाका, तिन्हीसांजेला टाका... पाच. कधी चार नाही, कधी सहा नाही. पुढं मग सावकाश वाढायचा.

तिला त्याचं कौतुक होतं. "माझे पाच मुके वाचक," म्हणायची.

डिसेंबरात तिच्या डोक्यात आलं, या गप्प बसणाऱ्यांना एकदा बोलतं करायचंच. तिनं लिहिलं, "वाचकहो, किती दिवस चोरून वाचणार? नाव सांगा, गाव सांगा, घरात किती माणसं ते सांगा. आणि येळवसला आमच्या शेतात जेवायला या. माझ्या पाच मुक्या वाचकांना तर खास. हे चूलबंद आवतण समजा."

चूलबंद म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे अख्ख्या घरानं. लहान-थोर सगळ्यांनी. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटवायचीच नाही.

आणि जो चूलबंद जेवून जातो, त्यानंही कधीतरी बोलावणाऱ्याच्या अख्ख्या घराला तसंच जेवायला घालायचं असतं. हे मात्र शिवानीच्या ध्यानातच आलं नाही.

लोक बोलले. पुण्यातली वैष्णवी बोलली, लातूरचा कोणी सत्यम बोलला, दुबईत ड्रायव्हर असलेला एकजण तर आईची आठवण काढून रडला. शिवानीला हवेत चालल्यासारखं झालं.

संध्याकाळी आणखी एक ओळ आली. नावाच्या जागी काहीच नव्हतं.

"आमी पाचजण. इतकी वर्सं कुणी बोलावलं न्हाई म्हून बोललो न्हाई. येतो. चूल तर बंदच हाय."

शिवानी खूश. तिला वाटलं, नात्यातलंच कोणी चेष्टा करतंय. तिनं लगेच उत्तर दिलं, "नक्की या. पाच पत्रावळी वेगळ्या काढून ठेवते."

येळवसला घाटनांदूर रिकामं होतं. सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग झाडाखाली पंगती. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली थंडगार आंबील. येईल त्याला बसवायचं.

शिवानीच्या शेतातही तीस-चाळीस माणूस जेवून गेलं. ते पाचजण काही आले नाहीत.

तरी तिनं शब्द पाळला. कोपीच्या सावलीत पाच पत्रावळी वाढून ठेवल्या, शेजारी आंबिलीचं मडकं. बायका बांधावर टेकल्या. पोरं झोक्यावर. वीरेश चिंचेखाली आडवा झाला.

एकच्या सुमाराला आप्पाराव आला. हा शेळ्या राखणारा म्हातारा. दर येळवसला शेळ्या घेऊन यायचा, भज्जी खायचा, आशीर्वाद देऊन जायचा. त्या दिवशी त्याच्या शेळ्या बांधावरच थांबल्या.

एकही पुढं येईना.

समोर हिरवागार हरभरा... आणि एकही शेळी तोंड घालेना. सगळ्या कोपीकडं बघत उभ्या.

"कोन पाव्हणे आलेत, वैनी?" आप्पारावनं विचारलं.

"आता कोणी नाही, काका. सगळे जेवून गेले."

"मग कोपीत कोन जेवायलंय?"

शिवानीनं कान दिला.

झोक्याची दोरी करकरायची थांबली होती. होला पाखरांचं घुमणं थांबलं होतं. आणि कोपीतून आवाज येत होता...

आंबिलीचा भुरका.

एक. मग दुसरा. मग बांगड्या वाजल्या. मग एका लहान लेकराला उचकी लागली... आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर थोपटलं.

तिला वाटलं, आपलीच रुद्राणी असणार. पण रुद्राणी समोर झोक्यावर बसलेली होती. गप्प. कोपीकडं बघत.

शिवानी उठली. कोपीपाशी गेली. वाकून आत पाहिलं.

आत कोणी नव्हतं.

पाची पत्रावळी मधोमध दुमडलेल्या होत्या. जेवण झाल्यावर दुमडतात तशा. मडकं कोरडं पडलं होतं. तिनं एक पत्रावळ उलगडली. भज्जी जशीच्या तशी. घासही कमी झालेला नाही. तिनं बोटभर जिभेवर ठेवली.

ओल्या मातीची चव होती.

ती बाहेर आली ती थुंकतच. आप्पाराव बांध ओलांडून आत यायला तयार नव्हता. तिथूनच त्यानं विचारलं, "किती पत्रावळी वाढल्या व्हत्या?"

"पाच."

म्हाताऱ्यानं पलीकडच्या कडुलिंबाकडं हात केला. "तितं भिवराबाईचं घर व्हतं. ती, नवरा अन् तीन लेकरं. लई पाऊस झालता त्या साली. मातीची भिंत झोपेत अंगावर आली. पाची जण एका दमात गेले. तवापासून चूल बंद त्या घराची. त्यांचं नाव येळवसला कुणी घेत न्हाई. तुमी कावून घेतलं?"

"मी नाव नाही घेतलं हो!" शिवानी रडकुंडीला आली. "मी फक्त... चूलबंद आवतण लिहिलं होतं."

बसम्मा मागं येऊन उभी होती. तिनं सुनेचा दंड घट्ट धरला.

"चूलबंद म्हणलीस? बये, आता परतीचं आवतण येईल की!"

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ब्लॉगवरच.

"जेवलो. पोट भरलं. आता तुमी यायचं. चारी जण. ज्या दिशी तुमची चूल पेटणार न्हाई, त्या दिशी या. वाट बघतो."

घरात माणसं चार, हे शिवानीनं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

वीरेशनं सगळं हसण्यावारी नेलं आणि ब्लॉग काढून टाकला. विषय संपला, म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅस पेटेना. सिलिंडर दोन दिवसांपूर्वी लावलेलं, ते रिकामं. शेजारून शेगडी आणली, तर लायटर ठिणगी देईना. काडीपेटी दुकानातली, नवीकोरी... आणि आत सगळ्या काड्या ओल्या. मातीचा वास येणाऱ्या.

त्या दिवशी चूल पेटायला दुपारचे तीन वाजले. तोवर रुद्राणी चपला घालून दारात उभी होती.

"कुठं निघालीस गं?"

"जेवायला," ती म्हणाली.

त्यानंतर वीरेश हसला नाही.

बसम्मानं परसात मातीची चूल घातली. तिच्यात गोवऱ्यांचा निखारा राखेखाली कायम जिता ठेवायचा. झोपताना शेवटचं बघायचं ते निखारा, उठल्यावर पहिलं बघायचं ते निखारा. शिवानी माहेरी येईना, लग्नाकार्याला जाईना. मी फोन केला की म्हणायची, "दादा, चूल सोडून कशी येऊ?" मला वाटायचं, हिला वेड लागलंय. तसं मी तोंडावर बोललोही. आता त्याची लाज वाटते.

सहा महिने गेले. ज्येष्ठात बसम्मानं अंथरूण धरलं. छातीत कफ. दवाखाना झाला, औषधं झाली. पण तिची काळजी वेगळीच होती. एके दुपारी तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"पोरी, घरात मयत झालं की चूल पेटवत न्हाईत, म्हाईत हाय ना तुला?"

हे शिवानीला सुचलंच नव्हतं.

"अव्वा, असं बोलू नका."

"ऐक. मी गेले की लोक येतील. शेजारचे भाकरी घेऊन येतील. चूल पेटवू देनार न्हाईत. तू ऐकू नको. माझं मढं घरात असलं तरी चूल पेटव. लेकरासाठी पेटव. माझी शपथ हाय."

दोन दिवसांनी सकाळी सहाला बसम्मा गेली.

रात्रभर शिवानी तिच्या उशाशी बसून होती. निखाऱ्याकडं बघायचं राहून गेलं.

मी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. आमच्या रीतीप्रमाणं बसम्माला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, पुढ्यात समई. आणि परसातून आरडाओरडा ऐकू येत होता.

"अगं, जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव!" शेजारच्या सुभद्राबाई ओरडत होत्या. "सासूचं मढं घरात अन् तुला भाकरी सुचती व्हय?"

शिवानी चुलीपुढं बसली होती. राख गार पडलेली. ती काड्या ओढत होती. एक मोडली. दुसरी मोडली. तिसरी पेटली... आणि कोणीतरी फुंकल्यासारखी विझली. वारा बिलकुल नव्हता.

रुद्राणी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं चपला घातल्या होत्या.

वीरेशनं ते पाहिलं. तो सरळ आत गेला, आईच्या पुढ्यातल्या समईवर कापराची वडी पेटवली, उलथण्यावर धरून बाहेर आणली आणि चुलीत टाकली. सगळे बघत राहिले. सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

जाळ झाला.

शिवानीनं तिथंच एक भाकरी थापली. रडत थापली. ती भाकरी कोणी खाल्ली नाही.

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवली. दहा दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. पण घर वाचलं, असं आम्हाला वाटलं.

तेराव्या दिवशी शिवानीनं मला मोबाइल दाखवला. काढून टाकलेला ब्लॉग होता. उघडायलाच नको होता, पण उघडला. लेख एकही नव्हता. पांढरं पान. खाली फक्त वाचकांचा आकडा दिसत होता.

सहा.

शिवानीनं माझ्या हातातून मोबाइल घेऊन पालथा ठेवला. बसम्माला वाचता येत नव्हतं हो...

समईवरून विस्तव घेतला हे चुकलं का? मयताच्या दिव्याचा जाळ चुलीचा धरत नाहीत का? मी चार जाणत्यांना विचारलं. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. मला काही कळत नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते.

परवा मी घाटनांदूरला गेलो होतो. दुपारची वेळ. रुद्राणी ओसरीवर भातुकली मांडून बसली होती. वाटीएवढी मातीची चूल, तिच्यावर टोपणाएवढा तवा, आणि समोर पानांच्या पत्रावळी. मी सहज मोजल्या. सात होत्या.

"काय स्वयंपाक केलाय आज?" मी विचारलं.

"आज माझी चूल बंद आहे, मामा," ती म्हणाली. "आजीनं जेवायला बोलावलंय."

आतून ताट पडल्याचा आवाज झाला. शिवानी धावत आली. परसातून निखारा आणला, त्या खेळातल्या चुलीत ठेवला, आणि ओसरीवर पालथी पडून फुंकत राहिली... धूर होईपर्यंत.

रुद्राणी रुसली. पायातल्या चपला काढून आत निघून गेली.

शिवानी आता रोज सकाळी दोन चुली पेटवते.