हिरामणची मालगाडी

डबा पहिला

उरणच्या अलीकडे, मिठागरं संपून कंटेनरची यार्डं सुरू होतात तिथे हिरामणचं घर. मागच्या खिडकीतून रेल्वेचा रूळ दिसतो. हिरामण रेल्वेत फिटर होता. चौतीस वर्षं त्याने हातोडीने चाकं वाजवून मालगाडीचे डबे तपासले. निवृत्त झाल्यावर तो डबे करायला बसला. वीतभर लांबीचे, पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे.

खरी मजा नवा डबा जुना करण्यात. आधी गंजाचा रंग द्यायचा. त्यावर ओल्या बोटाने मीठ चिकटवायचं आणि वरून करडा रंग मारायचा. वाळला की मीठ घासून काढायचं. खडा निघतो तिथे रंगाचा टवका उडतो आणि आतला गंज डोकावतो. मीठ शेजारच्याच मिठागरातलं.

"लोकांचा जन्म गंज खरवडण्यात जातो," त्याची बायको नलू म्हणायची, "आनि आमच्या घरात तो रंगवून लावतात!"

डबा दुसरा

हिरामणचा एक नियम होता. दिसत नाही ते करायचं नाही. छताची आतली बाजू कोरी, दारामागे काहीच नाही.

नलूने एकदा दारातून करंगळी घातली. "आतून सगळा ठणठणगोपाळ हाय की!"

"आत कोन बघतंय?" हिरामण म्हणाला.

डबा सातवा

सातव्या डब्याचा रंग ओला असताना त्यावर हिरामणचा अंगठा पडला. ठसा झकास उमटला, जुन्या पटाशीच्या जखमेची तिरपी रेघसुद्धा. पुसायचा त्याला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मालगाडी गेली. हिरामण सवयीने डबे मोजत होता. सातव्या डब्यावर अंगठ्याचा ठसा होता. पुरुषभर उंच. मधून तिरपी रेघ.

हातातला चहा तसाच निवला.

त्याने नलूला सांगितलं. नलूने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग ब्रश उचलला आणि तिसऱ्या डब्यावर पांढऱ्या रंगाने छोटंसं पापलेट काढलं, शेपटीसकट.

दुसऱ्या दिवशी चार वाजता खिडकीसमोरून पापलेट गेलं. बैलगाडीएवढं.

नलू एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अवो, डोला बघा त्याचा! माझ्यासारखाच तिरपा आलाय!"

त्यानंतरचा महिना दोघांनी पोरांसारखा घालवला. पाचव्यावर अबोलीची वेणी, नवव्यावर घरचीच मनी मांजर. गेटवरचा माणूस म्हणे, हल्ली कुणीतरी झकास गाडी रंगवतं.

ब्रेकव्हॅन

त्याच गाडीच्या शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये, त्यांचा मुलगा प्रीतम गार्ड होता. घर आलं की तो बाहेरच्या फळीवर उभा राहायचा आणि अर्धा बाहेर झुकून आईला हिरवा झेंडा हलवायचा. पुढे लगेच खाडीचा पूल.

"एक दिवस पडशील," हिरामण ओरडायचा.

"पडलो तर मिठागरातच ना, बाबा? खारवून ठेवा मला. वर्षभर टिकंन!"

नलूसुद्धा हसायची. हिरामणला मात्र तो पूल झोप लागू देत नव्हता. मग त्याला सुचलं. आता तर उपाय हातातच होता.

त्याने प्रीतम केला. तारेचा सांगाडा, वर लांबीचा लेप, पांढरा गणवेश, हातात झेंडा. हनुवटीवरचा तीळ नलूने सुईच्या टोकाने काढला. पाय म्हणजे दोन चपट्या पट्ट्या, पुढून ब्लेडने सरळ कापलेल्या. त्यांवर सायकलच्या ट्यूबचे काळे बूट.

"बोटं न्हाय केली?" नलूने विचारलं.

"बुटात कोन बघतंय?"

आणि सगळ्यात कडक गोंद लावून त्याने ते बूट छोट्या ब्रेकव्हॅनच्या फळीवर पक्के चिकटवले. झटका देऊन बघितला. हलले नाहीत. त्या रात्री तो घोरला.

धक्का

मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, मनीने छोटी गाडी मांडलेल्या टेबलावर उडी मारली.

अख्खी गाडी खडखडत गेली आणि भिंतीला आदळली. छोटा प्रीतम कमरेतून वाकून बाहेर लोंबकळला. बूट जागच्या जागी.

खरी गाडी नुकतीच खिडकीसमोरून गेली होती.

हिरामणने फोन लावला. बंद.

पुन्हा लावला. बंद.

नलू देवापुढे बसली. हिरामण तार सरळ करत राहिला, हळूहळू, मोडणार नाही अशा बेताने.

साडेसहा

मिठागराच्या बांधावरून प्रीतम चालत आला. अनवाणी. पोटरीपर्यंत चिखल. हसत.

"आये! असा हिसका बसला! कमरेपासून फेकलो गेलो, खाली सगळी खाडी. पन बूट फळीला असे चिकटलेले, असे चिकटलेले! शेवटी बूट तिथंच ठेवून पाय ओढून काढले."

नलूने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला पोटाशी धरलं. हिरामण ओटीवर बसला आणि मोठ्याने हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चिखल धू आधी," नलू म्हणाली. "बोंबील तलते."

प्रीतमने पिंपातलं पाणी पायांवर ओतलं आणि ओल्या पायांनी आत गेला. तव्यावर चर्र झालं. आत माय-लेक हसत होते.

हिरामण फडकं घेऊन लादी पुसायला वाकला.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलं उमटली होती. टाच. तळवा.

पुढे सरळ कड. ब्लेडने कापल्यासारखी.

"बाबा," आतून प्रीतमने हाक मारली, "या ना, गरम हाय."