सात नंबरचा टोप

"डोक्यावर बसेल असा टोप आहे का?"

डिचोलीच्या बाजारात गोकुळदास नार्वेकरांचं भांड्यांचं दुकान तीस वर्षं होतं. गिऱ्हाइकं टोप मागायची ती पाच माणसांचा, पंचवीस माणसांचा, एकदा तर म्हशीच्या आंबोणाचा. डोक्याच्या मापाचा टोप आजवर कुणी मागितला नव्हता.

शालिनीने हातातली छिन्नी खाली ठेवली. गोकुळदासांची ही एकुलती एक मुलगी. भांड्यांवर नावं घालायचं काम तिचं. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या लग्नांना ती बोलावल्याशिवाय हजर असायची... कळशीवर, ताटावर, पाणी प्यायच्या कोपावर. 'सप्रेम भेट' ही अक्षरं तर तिच्या हाताने झोपेतही कोरली असती.

"किती माणसांचं शिजवायचंय?" तिने विचारलं.

"शिजवायचं नाही. घालायचाय."

समोर एक उंच, काटकुळा तरुण. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. बाहेर त्याची लुना एका कुशीवर टेकून दम खात होती.

"मी दत्तप्रसाद. पेडण्याचा. पणजीच्या पेपरात बातमीदार आहे," तो म्हणाला. "सध्या दगड खातो."

म्हणाला अशा सुरात, की जणू दगड सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर मिळतात.

शहाऐंशी सालचा डिसेंबर होता. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून गोव्यातले रस्ते अडले होते. झाडं आडवी पडत होती, दगड उभे उडत होते. आणि दोन बाजूंच्या मधोमध वही घेऊन उभं राहायचं, हे दत्तप्रसादचं काम होतं. त्याच्या संपादकांनी त्याच्या सुरक्षेसाठी एक पत्रही दिलं होतं. 'जिवाची काळजी घ्यावी. बातमी सहाच्या आत पाठवावी.' सही, शिक्का.

"मग हेल्मेट घ्या ना."

"घेतलं होतं. हेल्मेट पाहिलं की लोकांना वाटतं, पोलीस आला. दोन दिवस दोन्ही बाजूंचे दगड माझ्याच वाट्याला! टोप घातलेल्या माणसाला मात्र कुणी लगेच मारत नाही. आधी बघत राहतात... तेवढ्यात मी पार."

शालिनीने यावर विचार केला. त्यात काही चूक सापडेना, याचाच तिला राग आला.

सहा नंबरचा टोप कानात रुतला. आठ नंबरचा नाकापर्यंत उतरला. सात नंबरचा असा बसला, की जणू कारखान्याने त्याचंच डोकं समोर ठेवून ओतला होता. तिने आत टॉवेलची घडी घातली, लाकडी डाव उचलला आणि एक ठेवून दिला... टण्ण!

"कसं वाटतंय?"

"गोड," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे... आवाज."

शालिनी वळून फळीवरच्या बालद्या उगाच सारख्या करू लागली. त्या आधीपासूनच सारख्या होत्या.

*

त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा. टोपाचे पोचे काढून घ्यायला. ती टोप गुडघ्यावर घेऊन आतून हळूहळू ठोकायची, आणि कुंडली वाचावी तसे पोचे वाचायची.

"हा कानावरचा कुठला?"

"धारगळ."

"आणि हा मागचा?"

"तोही धारगळच."

"म्हणजे पळत होता."

"पळत नव्हतो. दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घ्यायला निघालो होतो."

"धावत?"

"प्रतिक्रिया ताजी हवी असते."

"आणि हा पुढचा, बारकासा?"

"हा... दगड नाही. आईने भाताची कुलेर मारली. म्हणाली, असला पेपर सोड आणि शाळेत मास्तर हो."

शालिनी हसली खरी, पण हातोडी क्षणभर वरच राहिली. आईची कुलेर आणि लोकांचा दगड, दोन्ही पोचे सारखेच दिसत होते. हसायचं कशाला आणि घाबरायचं कशाला, टोपाकडे बघून कळत नव्हतं.

मग तिला बसवेनासं झालं. रस्त्यावर फटफट वाजली की ती दारात. फटफट पुढे गेली की आत. एकच कळशी ती सकाळपासून पुसत राहायची.

"बाय," गोकुळदास हिशोबाच्या वहीतून डोकं न काढता म्हणाले, "त्या कळशीचं कातडं सोलून निघेल गो आता."

एका सोमवारी तो आला तो उभ्या-उभ्याच. "उद्या पेडण्याच्या रस्त्याने जातोय. तिथं परिस्थिती वाईट आहे म्हणतात. फोनही बंद आहेत."

"मग जाऊ नका."

"वाईट आहे म्हणूनच जायचं असतं. चांगली असती तर बातमी कसली?"

"द्या तो टोप इकडे." तिने छिन्नी उचलली. "नाव-पत्ता घालून देते."

"मला काय म्हशीसारखी खूण करणार?"

"हरवलं तर कुणी आणून तरी देईल."

"टोप की मला?"

"जे सापडेल ते," शालिनी म्हणाली.

विनोद म्हणूनच म्हणाली होती. पण म्हणून झाल्यावर दुकानातलं एकही भांडं वाजलं नाही. ती खाली मान घालून कोरत राहिली, टक-टक-टक... तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने टोप चढवला, लुनाला तीन लाथा घातल्या आणि गेला.

संध्याकाळी तिने लग्नाचं एक ताट पुढ्यात घेतलं. सवयीने हात चालू लागला. 'चि.'... 'यांस'... 'यांजकडून'... आणि हात जागीच थिजला.

दुपारी टोपावर हाताने काय कोरलं, ते आता डोक्यात आलं. नाव आणि पत्ता घालायचा होता. हाताने सबंध ओळ घातली होती :

*चि. दत्तप्रसाद, पेडणे, यांस कु. शालिनी गोकुळदास नार्वेकर, भांड्यांचे दुकान, डिचोली, यांजकडून सप्रेम भेट.*

"अगो बाई!" ती म्हणाली. आणि ते डोक्यावर घालून तो अख्ख्या गोव्यात फिरणार होता.

*

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. पेपर आला, पण त्यात त्याची बातमी नव्हती. शालिनीने तो तीनदा चाळला, जाहिरातींसकट. आपण निधनवार्तांच्या जागी बघतोय हे लक्षात आल्यावर तिने पेपर मिटून टाकला.

गुरुवारी दुपारी दुकानासमोर बस थांबली. बाबली कंडक्टर उतरला. त्याच्या हातात सात नंबरचा टोप होता. खिडक्यांतून सगळी बस शालिनीकडे बघत होती.

"बाय, हो टोप तुजो मगो?"

"माणूस कुठाय?"

"माणूस पळोवंक ना. टोपच मेळ्ळो," बाबली म्हणाला. माणूस त्याने पाहिलाच नव्हता.

अस्नोड्याला झाड आडवं होतं. अलीकडे एका बाजूचे लोक बसलेले, पलीकडे दुसऱ्या बाजूचे. पलीकडच्यांनी टोप झाडावरून अलीकडे दिला, अलीकडच्यांनी बाबलीकडे. त्याआधी तो कोलवाळहून म्हापशाला असाच आला होता, हातोहात, नाक्यामागून नाका. ओळ वाचून प्रत्येकाने पुढे ढकलला. महिनाभरात दोन्ही बाजूंनी एकमेकांना दगडाखेरीज दिलेली ही पहिलीच वस्तू.

शालिनीने टोप उलटा केला. नवा पोचा एकही नाही. बुडाला काजळी, आत दोन बोटं वर पांढरं कडं... पेज. यात कुणीतरी पेज शिजवली होती.

म्हणजे टोप डोक्यावरून उडाला नव्हता. काढून दिला होता. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. कारण मग तो आता कुठेतरी बोडक्या डोक्याने फिरत होता.

"बाबली, बस परत केव्हा?"

"आताच."

"खंय चल्ली गो?" गोकुळदास उठले.

"गिऱ्हाइकाचा टोप द्यायला."

गोकुळदासांनी चष्मा लावून ओळ वाचली. शेवटचे दोन शब्द दोनदा वाचले.

"सवय, बाबा. हाताची सवय."

"तीस वर्षं दुकान करतोय मी," गोकुळदास म्हणाले. "सवयीने एकाही गिऱ्हाइकाला प्रेम दिलं नाही." मग ते वळले, फळीवरून आठ नंबरचा टोप काढला आणि तिच्या हातात दिला. "हा घाल. तुझं डोकं मोठं."

*

अस्नोड्याला बस थांबली. शालिनी उतरली... डोक्यावर आठ नंबर, हातात सात नंबर. अलीकडची माणसं आधी बघत राहिली. तेवढ्यात ती झाडापाशी पोचली.

पलीकडून एक माणूस लुना ढकलत येत होता. चष्मा तोच. डोक्याला रुमाल बांधलेला, आणि रुमालाला कानशिलापाशी डाग.

शालिनी आडव्या खोडावर चढली. तोही चढला. दोघं मधोमध उभी राहिली. ना अलीकडे, ना पलीकडे.

"कोलवाळच्या पुलापाशी बस अडकली होती," तो एका दमात सांगू लागला. "दोन म्हाताऱ्या, पाच पोरं. तांदूळ होते, शिजवायला भांडं नव्हतं. मग मी... आणि मग पळापळ झाली, मी एकीकडे, टोप दुसरीकडे, नाक्यानाक्यावर विचारत त्याच्या मागून—"

"आणि हा कानशिलावरचा?"

"हा? टोप काढल्यावर पहिल्याच तासात. आधी सबंध महिन्यात नाही. बातमी म्हणून बघितलं तर गंमतच—"

तिचं बोट रुमालाच्या कडेला टेकलं होतं... अगदी हलकं.

"भांड्याचा पोचा मी काढते," ती म्हणाली. "हा मला काढता येत नाही रे."

'रे' कसा निघाला, तिलाही कळलं नाही. दोन्ही बाजूंची माणसं टाचा उंचावून बघत होती. एकाने तर घोषणा अर्ध्यात गिळली.

"ते... वरचं वाचलंस?" तिने विचारलं.

"पहिल्याच नाक्यावर. पोलिसाने ओळखपत्र मागितलं, मी टोप दिला. त्याने मोठ्याने वाचलं आणि सोडलं. मग मी सगळीकडे तेच दाखवत गेलो."

"ती हाताची सवय होती."

"हो?"

शालिनीने हातातल्या टोपाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"...नाही."

दत्तप्रसादने वही काढली. वहीत काय लिहावं कळेना, म्हणून परत ठेवली. "शालिनी, मी मास्तर व्हायचा नाही हां. उद्या पुन्हा जाईन."

"ठाऊक आहे. जा. पण संपादकांना बातमी सहाच्या आत देतोस ना? मला पाचच्या आत. आमच्या समोरच्या औषधवाल्यांकडे फोन आहे."

"कसली बातमी?"

"डोक्याची. आहे की नाही, तेवढीच."

"आणि कधी फोनच नसला तर?"

"तर मी येईन. आठ नंबर घालून." तिने सात नंबर त्याच्या डोक्यावर ठेवला, रुमालाला लागणार नाही असा, कलता. "आता चल. पाच वाजायला आले. सहाच्या आत बातमी द्यायची, तर डिचोलीतून फोन लागतो."

लुना झाडावरून काढायला मागून दोघे आले, पुढून दोघे. कुणी कुणाला भाषा विचारली नाही. उचलताना सगळे एकच शिवी देत होते, आणि ती लुनाला होती.

बाबलीने बस थांबवून धरली होती. पण शालिनी लुनावर मागे बसली.

अस्नोडा ते डिचोली रस्त्याला तेव्हा खड्डे फार होते. प्रत्येक खड्ड्याला मागचा टोप पुढच्या टोपावर आपटायचा... टण्ण! दत्तप्रसादने एकही खड्डा चुकवला नाही. आणि शालिनीनेही, टोप काढून हातात घेता आला असता, तरी घेतला नाही.